राक्षस कुणाला म्हणालास?

मोबाइल टेबलावर ठेवा, सगळ्यांनी. शाळेत आणलेत त्याचं नंतर बघते. मघाशी मागच्या बाकावर कशाला खिदळत होतात? "राक्षस" म्हणालास ना? अरे, नुकतं जन्मलेलं मूल आहे ते. कुणीतरी त्याच्या व्हिडिओखाली "एलियन" लिहिलं आणि तू तो वर्गाच्या ग्रुपवर ढकललास!

त्या बाळाच्या आजाराचं नाव हार्लेक्विन इक्थिओसिस. कातडी जाड होऊन तडकते, पापण्या बाहेर उलटतात, छाती आवळली जाऊन धड श्वास घेता येत नाही. भेगांतून अंगातलं पाणी जातं, ऊब जाते, जंतू आत शिरतात. साधारण 3 लाखांत एका बाळाला होतो. जून 2016 मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात असं बाळ जन्मलं. दोन दिवस जगलं. त्याचेही फोटो असेच जगभर फिरले.

आणि तू गं? आईनं ग्रहण पाळलं नसेल म्हणालीस? दहावीत बसून? नववीत मेंडेलचे वाटाणे काय नुसते गुणांसाठी घोकलेस? कातडीच्या वरच्या थराला स्निग्धांश पोचवणारा एबीसीए12 नावाचा जनुक आहे. त्यातला दोष 2005 साली सापडला. आई आणि बाप, दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच आजार होतो. ते दोघं मात्र ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. मग बोट एकट्या आईकडे का? मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवून "घरातलीच पोरगी" म्हणून खूश होता, तिथे हा धोका वाढतो. त्यावर घरी कधी तोंड उघडलंत?

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेपुढे रांगा लावता. तिथं आई म्हणून हात जोडायचे, आणि इकडे एका बाळंतिणीच्या लेकराचा तमाशा मांडायचा?

अशी मुलं जगूही शकतात. इंग्लंडमधली नुसरत शाहीन 1984 ची. मोठी होऊन कॉलेजात शिकली. त्यासाठी पहिल्या तासापासून उबदार, दमट पेटी लागते, अंगाला सतत मलम लागतं, निष्णात डॉक्टर लागतात. म्हणून ऐका: तुमच्या गल्लीत असं बाळ जन्मलं, तर हळद-अंगारा फासायचा नाही, कातडी सोलायची नाही. स्वच्छ कपड्यात उबेला ठेवून 108 ला फोन लावायचा.

आता ज्यानं व्हिडिओ पाठवला, त्यानं तो पुसायचा आणि त्याच ग्रुपवर आजाराचं नाव नि कारण लिहायचं. ये इकडे. माझ्यासमोर लिही.