आप्त कोणाला म्हणावे?

पोहरादेवी वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. बंजारा समाज तिला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांची माणसे इथे लोटतात. महाराजांचा एक उपदेश त्यांच्या तोंडी आजही आहे. आधी जाणून घ्या, मग गाळून घ्या, त्यानंतरच माना. अठराव्या शतकात, लदेणीच्या बैलांमागे चालणाऱ्या लोकांना सांगितलेली ही गोष्ट आहे. काय खरे मानावे आणि कशावरून, हाच विषय विद्यापीठात प्रमाणमीमांसा या नावाने शिकवतात.

लंडनच्या सोआस विद्यापीठात 'वर्ल्ड फिलॉसॉफीज' अशी पदवी आहे. तत्त्वज्ञाने, असे अनेकवचन. तिच्या जोडीला डिजिटल माध्यमांचा अभ्यास म्हटले की आपल्याकडचे पालक बुचकळ्यात पडतात. एक पोटासाठी आणि दुसरे हौसेसाठी, असे त्यांना वाटते. मला ही जोडी अगदी निकडीची वाटते, कारण फोनवर आलेले काय मानावे हा जुनाच प्रश्न आहे.

न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानले, पण ते आप्ताच्या शब्दापुरते. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी कळली आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. जन्माचा प्रश्नच नाही. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक झाला, आणि आजचा घोटाळा नेमका इथेच आहे. व्हॉट्सअॅपवर मामाने पाठवले म्हणून आपण खरे मानतो. मामा प्रेमाचा असतो, पण त्याला ते कुठून कळले, हे आपण विचारत नाही. जाणणे आणि गाळणे वगळून आपण थेट मानण्यावर येतो.

बंजाऱ्यांच्या गोरबोलीपुढेही हाच प्रश्न आहे. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये लिहितात. २०११च्या जनगणनेत लंबाडी, म्हणजे हीच बोली, बोलणारे ३२ लाखांहून अधिक लोक हिंदीच्या खात्यात मोजले गेले. लिपीने वेगळे केलेल्यांना फोनमधला आवाज जोडतो. मानोऱ्यात गायलेले लेंगी गीत तेलंगणातल्या तांड्यात तसेच समजते. हे मोठे दान आहे. पण ढाडी, म्हणजे समाजाचा गायक, वंशावळ गात असे तेव्हा ऐकणारे समोर असत, चुकले तर तिथेच टोकत. फिरत्या क्लिपला ना गाणारा ठाऊक, ना टोकणारा. आणि आपल्याविषयी दुसऱ्याने केलेली नोंद किती घातक असते, हे विमुक्त जमातींनी भोगले आहे. १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. तो १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लगेच पुसला गेला नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की तत्त्वज्ञान आणि माध्यमे ही जोडी इथेच शिकवावी. त्याला आधारही आहे. ५ ऑक्टोबर २०२४ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाले. वाशीमची महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणाने वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र घेण्याला वाट दिली आहे. तत्त्वज्ञान आणि माध्यमे शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एकत्र बसून असा जोड अभ्यासक्रम आखावा. विद्यार्थ्यांनी तांड्यावर जावे, म्हाताऱ्यांची गाणी आणि वचने त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावीत. प्रत्येकावर गाणाऱ्याचे नाव, तांडा आणि तारीख घालावी. मग ते मुद्रण त्याच तांड्यात ऐकवावे आणि चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्याव्यात. हे काम येत्या रामनवमीच्या यात्रेपासूनच हाती घ्या.