थोडं कमी पाहू या

डिसेंबरचा शेवटचा आठवडा जवळ आला की पनवेलच्या सोसायट्यांमध्ये बेत शिजू लागतात. कुणाला माथेरानची थंडी हवी असते, कुणाला अलिबागची वाळू. अलीकडे आणखी एक बेत कानावर येतो. संध्याकाळी हार्बरची लोकल पकडायची, गेट वे गाठायचं, लाँचमधून किंवा चार कुटुंबांनी मिळून भाड्यानं घेतलेल्या यॉटमधून बंदरात जायचं आणि सरत्या वर्षाची आतषबाजी पाण्यावरून पाहायची. परतीची चिंता नसते, कारण त्या रात्री रेल्वे पनवेलसाठी जादा लोकल सोडते.

हा बेत मला मनापासून आवडतो. जमिनीवर आपल्या वाट्याला इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढंच आकाश येतं, पाण्यावर ते सगळंच्या सगळं मिळतं. वर उमललेलं प्रत्येक फूल खाली लाटांवर पुन्हा उमलतं. दूरच्या बाणाचा उजेड आधी पोहोचतो, आवाज मागाहून येतो. मधले सेकंद मोजले तर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, हा हिशोब मुलांना तिथल्या तिथे शिकवता येतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, पिवळा सोडियमचा, हिरवा बेरियमचा आणि साधायला सगळ्यांत अवघड असलेला निळा तांब्याचा. बाराच्या ठोक्याला बंदरात नांगरलेली जहाजं भोंगे वाजवू लागतात तेव्हा अंगावर काटा येतो. असा आनंद माणसानं घ्यावाच.

तो मिळून घ्यावा, हीही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास शोधून १९५३ साली प्रसिद्ध केला. एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तलं शोभेच्या दारूचं वर्णन त्यांनी त्यात नोंदवलं आहे. बखरीतली एक हकीकतही त्यांनी दिली आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे दारूची लंका उभारतात, शेपटीला आग लागलेला हनुमान उडतो आणि लंका पेटते. ते ऐकून पेशव्यांनी पर्वतीच्या परिसरात तसाच खेळ करवून घेतला आणि तो पाहायला लोक लोटले. दारू एकाच ठिकाणी उडाली आणि पाहिली सगळ्यांनी. घरोघरी पेट्या फोडण्यापेक्षा मला ही पद्धत अधिक शहाणपणाची वाटते.

पण जमिनीवर मिळून पाहणं वेगळं आणि पाण्यावर मिळून पाहणं वेगळं. मैदानात मी टाचा उंचावून पुढे सरकलो, तर फार तर मागच्याला दिसायचं कमी होतं. लाँचवर मी पुढे सरकलो, तर माझं वजन सरकतं. आतषबाजी आकाशाच्या एकाच बाजूला होते आणि पहिला बाण फुटताच सगळ्यांचे पाय त्या बाजूच्या कठड्याकडे वळतात. साठ माणसं, सरासरी साठ किलोंची धरली, तरी छत्तीसशे किलो वजन काही क्षणांत एका कडेला जातं. त्यात बरीच मंडळी वरच्या डेकवर असतात, कारण तिथून छान दिसतं. वजन जितकं उंचावर, तितकी लाँच लवकर कलते.

ही कल्पनेतली भीती नाही. केरळात थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही पर्यटकांची बोट उलटली आणि ४५ जण बुडाले. काठावर रानातली जनावरं दिसली म्हणून प्रवासी एका बाजूला धावले होते. बोटीच्या घडणीतले दोषही नंतर समोर आले, पण त्या संध्याकाळी तिला कलती केली ती पाहण्याच्या ओढीनं. त्या माणसांचा गुन्हा काय होता? काहीतरी सुंदर दिसलं आणि ते जवळून पाहावंसं वाटलं, एवढाच. म्हणूनच ही घटना मला जास्त अस्वस्थ करते. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आपल्या किनाऱ्यावर तर ‘रामदास’ बोटीची आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली होती. दिव्यांची अवस आली होती आणि सणासाठी गावी निघालेल्या माणसांनी बोट भरली होती. पावसाळी वादळात, काश्याच्या खडकाजवळ, लाटेनं बोट एका अंगावर गेली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला लोटले आणि काही मिनिटांत बोट तळाशी गेली. सहाशेहून अधिक माणसं दगावली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना वाचवलं. रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत दिव्यांची अवस त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

आणि परवाचीच गोष्ट म्हणावी असा १८ डिसेंबर २०२४ चा अपघात. गेट वेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला होता. १५ जणांचे जीव गेले. यात प्रवाशांचा काहीही दोष नव्हता. पण लाँचवर परवान्यात लिहिल्यापेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, हेही तेव्हा सर्वांना कळलं. दुसऱ्याची चूक कधी आपल्या अंगावर येईल हे सांगता येत नाही. आपल्याकडून ठेवायची शिस्त मात्र आधीच ठेवता येते.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. सगळ्यांनी मिळून पाहायचं असेल, तर प्रत्येकानं थोडं कमी पाहायला तयार असलं पाहिजे. उत्सवाच्या नीतीचं सार मला एवढंच वाटतं. इथे ‘कमी’ म्हणजे बेचव नव्हे. आपल्या जागेवर बसून जेवढं दिसेल तेवढं समाधानानं पाहणं आणि उरलेलं दुसऱ्यासाठी सोडणं, एवढाच त्याचा अर्थ.

लाँचवर एक माणूस आधीपासूनच हे व्रत पाळत असतो. तो म्हणजे तांडेल. सगळे वर पाहत असतात तेव्हा त्याची नजर काळ्या पाण्यावर असते. दिवे न लावलेली एखादी होडी, बोया, नांगराचे साखळदंड, दुसऱ्या लाँचचा अंदाज. आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि डोळ्यांवर एक झगझगीत झोत पडला की ती सवय मोडते. म्हणजे आकाशात लखलखाट होत असताना त्याचं काम दर क्षणी कठीण होत जातं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी त्याच्या तोंडासमोर मोबाइलचा फ्लॅश उडवतं. त्याच्या घरीही मुलं असतात, तीही बारा वाजण्याची वाट पाहत असतात. तो आपल्यासाठी आतषबाजी सोडतो. आपण त्याच्यासाठी एक फोटो सोडायला काय हरकत आहे? ‘मामा, कुठे बसू?’ एवढं विचारावं आणि तो सांगेल तिथे बसावं.

‘पैसे मोजलेत, मग हवं तिथून पाहणार’ असं म्हणणारे भेटतात. वरच्या डेकचे वेगळे पैसे दिले असतील, तर हा आग्रह आणखी चढतो. पण तिकिटानं आपण फक्त एक जागा घेतलेली असते, सगळ्यांचा तोल आपण विकत घेतलेला नसतो. तो विकाऊ नसतोच. दुसरे म्हणतात, माझ्या एकट्याच्या हलण्यानं काय होणार? थेक्कडीच्या बोटीतला प्रत्येक जण एकटाच उठला असेल. एकेकट्यांची बेरीज तेवढी कुणी केली नव्हती.

हे शहाणपण आपल्याला परकं नाही. पनवेल हे मुळात बंदराचं गाव. मुंबईचा माल आणि माणसं होडीनं पनवेलच्या खाडीत उतरायची आणि इथून बोरघाट चढून पुण्याकडे जायची. त्या पिढ्यांना पाणी वागायला शिकवायचं. होडीत विनाकारण उभं राहू नये, चढउतर करताना घाई करू नये, भरलेल्या होडीत पाय टाकू नये, हे धाक घालून सांगावं लागत नव्हतं. आज आपल्यातल्या बहुतेकांची खाडी लोकलच्या खिडकीतून दिसते तेवढीच. पाणी आपल्यासाठी देखावा झालं, त्याचं वळण मात्र अंगातून गेलं. पाण्यावर मजा करायला पुन्हा जात असू, तर ते वळणही पुन्हा शिकायला हवं आणि शिकवणारे आपल्या शेजारच्या कोळीवाड्यांत आहेत.

कमी पाहण्याची गोष्ट लाँचच्या कठड्यापाशी संपत नाही. आतषबाजी ज्या आकाशात होते ते इतरांचंही घर आहे. हिवाळ्यात आपल्या खाड्यांमध्ये रोहित पक्षी उतरलेले असतात. ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. नवी मुंबईच्या पाणथळींवर त्यांचे थवे आपण हौसेनं पाहायला जातो. नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी हवामान रडारवरून नववर्षाच्या रात्रींचा अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की बारा वाजताच हजारो पक्षी घाबरून उठतात, पाचशे मीटरपर्यंत उंच जातात आणि पाऊण तासाहून अधिक काळ खाली उतरत नाहीत. सकाळी दुर्बीण घेऊन ज्यांचं कौतुक करायचं, त्यांना रात्री झोपेतून उठवून अंधारात उडवायचं, हे एकाच मनाला कसं मानवतं?

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये फटाक्यांची वेळ ठरवून दिली : दिवाळीला रात्री आठ ते दहा आणि नववर्षाला ११ वाजून ५५ मिनिटांपासून साडेबारापर्यंत. म्हणजे ३५ मिनिटं. अनेकांना हा जाच वाटला. मला तो दम्याचे रुग्ण, तान्ही मुलं, म्हातारी माणसं, पक्षी आणि आपण, या सगळ्यांमध्ये एकच रात्र वाटून घेण्याचा प्रयत्न वाटतो. तमिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी पक्षी अभयारण्याशेजारच्या कोल्लुकुडीपट्टी गावानं याच्याही पुढे पाऊल टाकलं. विणीसाठी आलेले पक्षी दचकू नयेत म्हणून त्या गावात गेली अनेक दशकं दिवाळीला फटाके उडवत नाहीत. कोर्टानं त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहुण्यांसाठी आपला आनंद स्वतःहून लहान केला आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. आपलं कर्नाळा अभयारण्य १९६८ पासूनचं. त्याच्या पायथ्याच्या फार्महाउसांत ३१ डिसेंबरची रात्र कशी जाते, हे पनवेलकरांना सांगायला नको. कोल्लुकुडीपट्टीकडून आपण काही शिकू शकत नाही का?

मग लाँचवर जायचं की नाही? जरूर जावं. जाताना काही गोष्टी ठरवून जाव्यात. परवान्यावर किती माणसं लिहिली आहेत हे चढण्याआधी विचारावं, भीड न बाळगता विचारावं. लाइफ जॅकेट हातात न धरता अंगात घालावं, आधी मुलांच्या, मग आपल्या, आणि बंद नीट आवळावेत. वरच्या डेकवर गर्दी वाटली तर खाली बसावं. आणि एक गोष्ट निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून तांडेलाशी बोलून ठेवावी : पाणी आणि वाहतूक परवानगी देत असेल, तर अर्ध्या वेळानंतर लाँच सावकाश फिरवावी. म्हणजे आधी डाव्या बाजूनं पाहावं, नंतर उजव्या बाजूनं आणि जागेवरून कुणीच उठू नये. ३५ मिनिटांची वाटणी सतरा-सतरा मिनिटांची झाली, तर कुणाचं काय बिघडतं? उलट आपली पाळी संपल्यावर समोरच्या बाकावरच्या मुलांचे चेहरे उजळताना पाहायला मिळतात आणि तेही पाहण्यासारखे असतात.

आणि समजा, आपण पोहोचेपर्यंत लाँच भरली. दोघांची जागा असेल आणि आपण पाच जण असू. ‘होईल हो, सरकून घ्या’ असं कुणीतरी आतून म्हणेलच. आपल्या माणसांचा सगळ्यात मोठा गुण तो आणि पाण्यावरचा सगळ्यात मोठा धोकाही तोच. त्या वेळी आभार मानून धक्क्यावरच थांबावं. मुलं हिरमुसतील, त्यांना कारण सांगावं. आपण चढलो नाही म्हणून आत बसलेली माणसं अधिक सुखरूप आहेत, हे त्यांना समजेल. मुलांना न्याय लवकर कळतो. आतषबाजी धक्क्यावरूनही दिसते, फक्त थोडी कमी. आपण सोडून दिलेल्या त्या थोड्याशा दिसण्यावर अनोळखी माणसांचा आनंद सुखरूप उभा असतो आणि नव्या वर्षाची सुरुवात करायला याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही.