दोष कुठे राहतो?

लाकूडकामाचा छंद जडलेल्या माणसाच्या घरी आज ना उद्या एक यंत्र येतंच. चार इंच रुंद, छत्तीस इंच घेराचा घासपट्टा आणि त्याच्या बाजूला सहा इंची फिरती तबकडी. दुकानदार त्याला 'बेल्ट-डिस्क सँडर' म्हणतो. खोक्यावरच्या चित्रात ते देखणं दिसतं. बाकावर बसवून सुरू केलं, की स्वस्त मालाचे एकेक गुण दिसायला लागतात. टेबल तबकडीशी काटकोनात नसतं. टेबलातली खाच तबकडीला समांतर नसते. पट्टा हळूहळू एका कडेला सरकत जातो आणि आवरणाला घासायला लागतो. पट्ट्याच्या मागचा पत्रा मधोमध फुगलेला असतो, त्यामुळे सपाट व्हायला धरलेली फळी उलट खोलगट होऊन निघते. भुसा जायला तोंड ठेवलेलं असतं, पण निम्मा भुसा त्या वाटेला जातच नाही.

घेणारा चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तच आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने निदान आपलं काम तरी करावं. पण या चिडण्याच्या तळाशी एक फार जुना प्रश्न आहे. एखादी वस्तू सदोष आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो दोष नेमका राहतो कुठे? लोखंडात, जोडणीत, की जोडणाऱ्यात? आणि जोडणारा हात झटकून मोकळा झाला असेल, तर अर्धवट राहिलेलं काम कुणाच्या वाट्याला येतं?

न्याय-वैशेषिकांनी या प्रश्नासाठी लागणारी हत्यारं फार पूर्वी घडवून ठेवली आहेत. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' वाचलेल्या कुणालाही कारणाचे तीन प्रकार आठवतील. कापडाचं उदाहरण ठरलेलं. धागे हे समवायी कारण, धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण, आणि विणकर, त्याचा माग, धोटा ही निमित्तकारणं. सँडर सुटा करून बाकावर मांडला, की ही विभागणी किती नेमकी आहे ते कळतं. मोटर ठणठणीत असते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २८५० फेरे घेणारी साधी इंडक्शन मोटर. बेअरिंग आवाज न करता फिरतात. रोलर गोल असतात. टेबल ओबडधोबड ओतलेलं असलं तरी पुरेसं जाड असतं. एकेक भाग हातात घेतला तर नाव ठेवायला जागा नसते. फुगलेला पत्रा सोडला तर बाकी सगळी तक्रार भागांच्या मधली असते: कोन, अंतर, ताण, समांतरता. वैशेषिकाच्या भाषेत बोलायचं तर धागे चांगले आहेत, वीण चुकली आहे. आणि म्हणूनच या दोषाला सुटा भाग मिळत नाही. बेअरिंग दुकानात मिळतं, काटकोन मिळत नाही.

तो पाहण्याची सुतारांची एक रीत आहे. नुसता गुण्या लावून भागत नाही, कारण बारीक फरक डोळ्याला चुकवतो. सागाचे ५० मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे घ्यायचे आणि दोन्हींचं एकेक टोक तबकडीवर घासायचं. मग दोन्ही तुकडे, घासताना जी बाजू वर होती तीच वर ठेवून, काचेवर टोकाला टोक भिडवून उजेडासमोर धरायचे. टेबल अर्ध्या अंशाने कललेलं असेल तर प्रत्येक टोकात जेमतेम ०.४४ मिलिमीटरचा फरक पडतो. पण दोघांची चूक एकत्र येऊन वर किंवा खाली जवळजवळ ०.८७ मिलिमीटरची फट उघडते, आणि ती कुणालाही दिसते. आता त्यातला एकच तुकडा पालथा करायचा. फट नाहीशी होते! दोन्ही टोकं अजून तितकीच तिरकी आहेत, पण सांधा घट्ट बसला आहे. दोष संयोगात राहतो, या म्हणण्याला याहून चांगला पुरावा शोधायला नको.

टेबल सरळ करायला लागतो तो पत्र्याचा एक कपटा. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. कात्रीने कापून टेबलाच्या बैठकीत, स्क्रूच्या आधी, एक-दोन घड्या सरकवल्या की काम होतं. रॉबर्ट पिर्सिग यांच्या १९७४ सालच्या मोटरसायकलवरच्या पुस्तकात हाच कपटा येतो. मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचं हँडल घसरत असतं. लेखक म्हणतो, बिअरच्या डब्याचा तुकडा घालू. मऊ आहे, गंजत नाही, नेमका बसेल. मित्राला ते अपमानास्पद वाटतं. पिर्सिग काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला होते, आणि त्यांचं त्या प्रसंगावरचं चिंतन अजून ताजं वाटतं. मित्राला वस्तूचा थोरपणा दिसतो, लेखकाला तिच्यातला संबंध. स्वस्त सँडरच्या बाबतीत अडचण उलटी असते. यंत्रच हलकं, त्यावर इतका वेळ कशाला घालवायचा, असं मालकाला वाटतं. दोघंही वस्तूची किंमत पाहतात. सांधा पाहायचा राहून जातो.

खंडेनवमीला महाराष्ट्रात हत्यारं पुसून, तेल देऊन, हळद-कुंकू वाहून मांडली जातात. रंधा, करवत, पटाशी, आणि आता ड्रिल मशीनही. त्या मांडणीत भारी रंधा आणि सामान्य रंधा अशा दोन रांगा नसतात. पूजेआधीची साफसफाई हा त्या पूजेचाच भाग आहे, असं मानायला भरपूर जागा आहे.

पट्ट्याची गोष्ट आणखी रंजक आहे. सपाट रोलरवरचा पट्टा कडेला सरकतो, कारण दोन रोलर पुरते समांतर नसतात. बाजूची चकरी फिरवून एक रोलर किंचित कलता करता येतो, पण जोडणी ढिली असेल तर पट्टा पुन्हा भरकटतो. उपाय म्हणजे रोलर मधोमध थोडा फुगीर करणं. फिरता पट्टा उंच भागाकडे चढतो, उतरत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण पूर्वी गिरण्यांमधल्या चामडी पट्ट्यांच्या चाकांनाही याच कारणाने मधे फुगवटा दिलेला असे. घरच्या घरी रोलरच्या मध्यावर चिकटपट्टीचे दोन थर दिले तरी फरक दिसतो. टिकाऊ काम हवं असेल तर रोलर लेथवर धरून घ्यावा लागतो. म्हणजे ज्या रोलरला आपण निर्दोष म्हणत होतो, त्यालाच बाक दिल्यावर यंत्र सुधारतं.

इथून प्रश्न वर, सृष्टीच्या कर्त्याकडे जातो. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता आहे, असा युक्तिवाद उभा केला. डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर, १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक संवादांत या तऱ्हेच्या युक्तिवादावर मोठा घाव आहे, आणि तो सुताराच्या दुकानातून आलेला आहे. जहाज पाहून आपण ते बांधणाऱ्या सुताराच्या बुद्धीला दाद देतो. पण तो निर्बुद्ध कारागीर असून पिढ्यान्पिढ्यांच्या चुका आणि दुरुस्त्या नुसत्या गिरवत असेल तर? जगही कदाचित अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतरचं असेल, असं त्यातलं पात्र सुचवतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप वेगळ्या अंगाने येतो: जगात इतकी विषमता आणि दुःख आहे, तर कर्ता पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं, की तो जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून निर्मिती करतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांना सारखाच. भात आणि जव यांतला फरक बियांचा.

कारखानदाराला मात्र ही सवलत देता येत नाही. टेबल काटकोनात आहे की नाही हे पाहायला काही मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं कुणीतरी हिशेब करून वाचवलेली असतात. ती कमतरता लोखंडाच्या कर्माची नव्हे. जोडणीच्या साखळीवर उभ्या असलेल्या कामगाराला ती मिनिटं दिलेलीच नसतात, म्हणून त्यालाही दोष देता येत नाही. आणि घेणाऱ्याने तरी दुकानात किमतीखेरीज दुसरं काय विचारलं होतं? निमित्तकारणं अनेक असतात, एवढं तरी नैयायिकांनी शिकवलेलं आहे.

पण जबाबदारी वाटली गेली म्हणून काम संपत नाही. ज्यूंच्या 'बेरेशीत रब्बा' या टीकाग्रंथात एक तत्त्वज्ञ रब्बी होशाया यांना पेचात धरू पाहतो: देवाला जे हवं होतं ते त्याने आधीच पुरं करून का दिलं नाही? रब्बी म्हणतात, सहा दिवसांत निर्माण झालेल्या प्रत्येक गोष्टीवर अजून काम करावं लागतं. मोहरीची चव सुधारावी लागते, गहू दळावे लागतात, माणसालाही दुरुस्ती लागते. या उत्तरात कर्त्याचा बचाव कमी आणि माणसाला दिलेलं काम जास्त आहे. सदोष वस्तूकडे पाहण्याची हीच रीत खरी वाटते. जे हाती आलं ते अपुरं आहे हे मान्य, आणि ते पुरं करण्याचं कामही त्याच हाती आलं आहे.

दुरुस्तीला निर्मितीच्या व्याख्येतच बसवायचा एक मोठा प्रयत्न आपल्याकडे झाला होता. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी कडक होत्या. किंमत १५० रुपयांच्या आत, वेळच्या वेळी निगा राखली तर २० वर्षं चालला पाहिजे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. तरीही त्या अटी आज वाचण्यासारख्या आहेत, कारण यंत्र बिघडणार हे धरूनच ते चांगलं की वाईट हे त्यांत ठरवलेलं आहे.

सँडरमधल्या एका बदलाला तर छंद म्हणताच येणार नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवलं आणि तिला पहिल्या गटात टाकलं. घरातल्या वर्कशॉपची धूळ दाराच्या फटीतून स्वयंपाकघरात जाते, आणि तिथल्या कुणी ते यंत्र निवडलेलं नसतं. तबकडीखालची उघडी पोकळी प्लायवूडच्या तुकड्याने बंद करणं, फटी बुजवणं, तोंडाला व्हॅक्युमची जाड नळी नीट बसेल असा जोड करणं, हे सगळं एका दुपारचं काम आहे. अहिंसा हा शब्द इथे वापरायला संकोच वाटू नये.

बदल करणाऱ्याच्या हातूनही दोष घडू शकतो, आणि तो जास्त गंभीर. १५० मिलिमीटरच्या तबकडीची कड २८५० फेऱ्यांना सेकंदाला २२ मीटरहून जास्त, म्हणजे ताशी साधारण ८० किलोमीटर वेगाने धावते. सोयीसाठी आवरण काढून टाकणं किंवा अर्थिंगची तार तोडून दोन पिनांचा प्लग लावणं याला सुधारणा म्हणता येत नाही. ओतीव बैठकीला तडा गेला असेल तर ते यंत्र भंगारात जाऊ द्यावं. तिथे समवायी कारणच गेलेलं असतं.

मग टेबल सरळ झालेलं, पत्र्यावर सपाट पोलादी पट्टी चढलेली, रोलर फुगीर झालेला, धुळीची वाट नवी केलेली असं हे यंत्र जुनंच, की नवं? मिलिंद राजाला रथाचं उदाहरण देणारा नागसेन म्हणेल, चाकं, आस, जू यांच्या पलीकडे रथ म्हणून वेगळं काही नव्हतंच, तेव्हा सँडर हेही एक सोयीचं नाव. वैशेषिक म्हणेल, अवयवी ही खरी वस्तू आहे, आणि अवयव बदलला की जुना अवयवी नाश पावून नवा उत्पन्न होतो. वर्कशॉपमध्ये वैशेषिकाचं उत्तर जास्त उपयोगी पडतं, कारण नवी वस्तू उत्पन्न झाली असेल तर तिला नवा कर्ताही आहे, आणि तो यापुढे कारखान्याकडे बोट दाखवू शकत नाही. हे यंत्र उद्या शेजाऱ्याला द्यायचं किंवा विकायचं झालं, तर कोणत्या स्क्रूखाली कपटा आहे, रोलरवरचा थर कधी दिला आणि व्हॅक्युम लावल्याशिवाय मशीन का चालवायचं नाही, हे बैठकीच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवणं त्याच्याकडे लागतं.