बरोबरीचा प्रस्ताव

अड्यारच्या बिऱ्हाडी कचेरीतून परतल्यावर बुद्धिबळाचा पट मांडणे हा आमचा जुना नाद. विश्वनाथन आनंद यांच्या या नगरात त्याला सोबतीची वाण पडत नाही. परंतु परवा शेजारचे स्नेही आले नाहीत, म्हणून आम्ही संगणकाशी डाव मांडला. हत्ती गेलेला, पराभव समोर दिसत असलेला. तरीही आम्ही लागोपाठ तीन वेळा बरोबरी मागितली व तिन्ही वेळा ती नाकारली गेली. स्नेह्यांपुढे असे करण्याची आम्हांस लाज वाटली असती. यंत्रापुढे ती का वाटू नये, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे.

खेळाचा नियम याबाबत काटेकोर आहे. खेळी करावी, घड्याळ दाबण्यापूर्वी बरोबरी सुचवावी, आणि एकदा सुचवलेली मागे घेऊ नये. अवाजवी मागणी म्हणजे प्रतिपक्षास उपद्रव, असेही नियमच सांगतो. पण ज्याला उपद्रवच होत नाही त्याच्याशी शिष्टाचार कसला, असे कोणी विचारील.

१९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया येथे कास्पारोव्ह यांनी 'डीप ब्लू'विरुद्धच्या पाचव्या डावात बरोबरी सुचवली. ती नाकारली यंत्राने नव्हे, त्याच्या कर्त्यांनी. आणि तो डाव यंत्र हरले. म्हणजे पटापलीकडे उत्तरदायी माणसे होती. त्यांनी नकार दिला व त्याचे फळही पदरात घेतले. सौजन्याचे मर्म आम्हांस येथे दिसते: नकार देणाऱ्याने तो आपला म्हणावा.

आम्ही कारकून मंडळी नेमके हेच विसरतो. गेल्या महिन्यात एका वृद्ध निवृत्तिवेतनधारकाचा अर्ज आम्ही 'नियमांत बसत नाही' एवढा शेरा मारून परत केला. नियम खरोखरच तसा होता. पण ते गृहस्थ समोर उभे असताना आम्ही मानही वर केली नाही. त्या घटकेस पटापलीकडे कोणीच नव्हते.

आमच्या तीन प्रस्तावांचे यंत्राला काही वाटले नसेल. परंतु रात्री जो हात तेथे निःसंकोच मागत सुटतो, तोच सकाळी अर्जांवर शेरे लिहितो. माणसांसाठी एक व यंत्रासाठी दुसरी, अशा दोन सवयी एका हातात फार काळ वेगळ्या राहत नाहीत.

चौथ्यांदा न मागता आम्ही डाव सोडला. ते गृहस्थ पुन्हा येणार आहेत. नियम बदललेला नसेल. परंतु या वेळी उत्तर आम्ही उठून उभे राहून देऊ.