बंद पेटी आणि कासव

वैराग्य म्हणजे दारं-खिडक्या लावून घेणं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. पारायणात गीतेचा दुसरा अध्याय निघाला की निरूपणकार कासवापाशी थांबतात. कासव हातपाय आत ओढून घेतं, तसा स्थितप्रज्ञ आपली इंद्रियं विषयांपासून आवरून घेतो. बहुतेक निरूपणं तिथंच विसावतात. हा अर्थ अपुरा आहे असं मला वाटायला लागलं ते एका पत्र्याच्या पेटीमुळं. वडूजच्या माझ्या बॅटरी-रिवाइंडिंगच्या दुकानात ती मी आमच्या आळीतल्या आबांच्या तीनचाकीसाठी केली.

आबांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले. पूर्वी ते हातानं फिरवायच्या सायकलीवर होते, आता बॅटरीची तीनचाकी आहे. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची ॲडिप योजना १९८१पासून चालू आहे, आणि कानपूरला १९७२ साली निघालेल्या ॲलिम्को या सरकारी कारखान्यात अशा गाड्या तयार होतात. आबांच्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन ॲसिडच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत. दुकानात आणल्या तेव्हा त्या खताच्या गोणीत गुंडाळून, वर रेक्झिन टाकून, सुतळीनं आवळलेल्या होत्या.

"पाण्याचा ठिपूस आत जाता कामा न्हाय. समदीकडनं पॅक करून टाक," आबा म्हणाले. आणि जरा वेळानं, चहा हातात असताना, "मनाचं बी मी तसंच केलंय. आता कुणाचं काय आत येत न्हाय."

आबांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून ते देवळात कीर्तनाला यायचे थांबले आहेत, हे मला माहीत होतं. पारावर बसायचेही थांबले होते. ते याला वैराग्य म्हणत होते आणि मनापासून म्हणत होते, म्हणून मला लगेच उत्तर देववलं नाही. गोणी मात्र सोडली. उग्र वास आला. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचली होती.

ही बॅटरी चार्जिंगला लावली की शेवटी शेवटी तिच्यातलं पाणी फुटतं. १२ व्होल्टची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टच्या पुढं गेली की चांगलीच उकळायला लागते, आणि हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो, आणि सैल टर्मिनल ठिणगी देतंच. 'मेंटेनन्स फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत हे वायू बरेचसे आतच पुन्हा पाणी होतात, तरी तिलाही दाब सोडायला झडप ठेवलेली असते. म्हणजे आबांना भीती होती बाहेरच्या पावसाची आणि धोका तयार होत होता आत. जितकं घट्ट बांधावं तितका तो साठत जाणार.

त्यात आमचा खटाव तालुका. महाबळेश्वर याच जिल्ह्यातलं. तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आणि आम्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येरळेच्या कोरड्या वाळूकडं बघत बसतो. आमच्याकडं बॅटरी मारतं ते ऊन. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. पाऊस येतो तो वळवाचा, आडवा, धुळीसकट.

त्या रात्री मी गीता उघडली आणि कासवाच्या पुढं वाचत गेलो. कासवाचा श्लोक ५८वा. त्याला लागूनच ५९वा सांगतो की उपाशी राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण गोडी सुटत नाही. ६२ आणि ६३मध्ये तर अख्खी साखळीच आहे: आत बसून विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, मग राग, मोह, स्मृती जाणं, बुद्धी जाणं. बाहेरून काहीही न येता हे सगळं आतल्या आत घडतं. आणि लगेच ६४वा श्लोक म्हणतो की रागद्वेष सुटलेला माणूस विषयांत वावरत असूनही प्रसन्नता मिळवतो. वावरत असून! कासवापाशी थांबणाऱ्याला हा श्लोक भेटतच नाही.

ज्ञानोबांनी तर कासवाच्या ओवीतच हे सांगून ठेवलं आहे. मूळ श्लोकात कासव फक्त अवयव आवरतं. १२९० साली नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत ते खुशीत असलं की अवयव पसरतं आणि मनात आलं की आवरतं. पसरणं आधी आहे. हात बाहेर काढताच येत नसेल त्या कासवाला माउली स्थितप्रज्ञाची उपमा देणार नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

पेटी केली ती अशी. खाली ॲसिडनं न खाणारा प्लास्टिकचा ट्रे, बाहेरून पत्रा. झाकण चारी बाजूंनी खाली उतरलेलं, कडेला रबर. मागच्या अंगाला, रस्त्याची धूळ थेट येणार नाही अशा जागी, खाली एक जाळी. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, म्हणून दुसरी वाट अगदी वर, झाकणाच्या पाखाखाली, तोंड जमिनीकडं असलेल्या तिरप्या पट्ट्यांची. तळाला चुकून आलेलं पाणी जायला भोक. फ्यूज बॅटरीपासून जवळच, पण पेटीच्या बाहेर, कारण ठिणगी गॅसजवळ नको. वरून पांढरा रंग, उन्हासाठी.

पट्ट्या बघून आबांनी विचारलं, "आन् पाऊस?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. सगळं उघडं टाकणं हे काही बंद करण्याचं उत्तर नव्हे. संयम खोटा आहे असं मी म्हणत नाही. संयमाशिवाय बॅटरी भिजेल आणि माणूसही. पण पाऊस वरून पडतो, म्हणून तोंड खाली वळवलं की पाणी अडतं आणि हवा जाते. बंद किती करायचं यापेक्षा कुठून उघडायचं आणि कुणीकडं तोंड करून, हे ठरवणं अवघड आहे. त्यालाच मी विवेक म्हणेन. मी आबांना एवढंच म्हणालो, "आबा, काकूंचं दुःख आत येऊ नये म्हणून तुम्ही दार लावलंत. पण ते आतच होतं की."

ते काही बोलले नाहीत, आणि मीही पुढं रेटलं नाही. दुःखात असलेल्या माणसाला श्लोकांनी हरवणं वाईट.

लिथियमची बॅटरी टाकली तर भोकं बुजवता येतील का, हे त्यांनी नंतर विचारलं. त्या बॅटरीत चार्जिंगला हायड्रोजन निघत नाही, पण उष्णता होते, आणि सेल बिघडला तर वायू वेगानं बाहेर येतो. तेव्हा वाट तिलाही ठेवावीच लागते.

येत्या पारायणाला दुसऱ्या अध्यायाच्या दिवशी निरूपण संपल्यावर मी महाराजांना विचारणार आहे की ६४व्या श्लोकावर आपण का बोलत नाही. आबांनाही चला म्हटलंय. देवळाला तीन पायऱ्या आहेत. त्यांच्यावर टाकायला उताराची फळी मी दुकानातूनच नेणार आहे.