सगळ्यांची वाचने जुळतात तेव्हा

पेरणीच्या तोंडावर भोकरदन तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या घरी एक प्रयोग होतो. घरच्या सोयाबीनमधून 100 दाणे घेऊन ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी सावलीत ठेवून वर पाणी शिंपडत राहायचे आणि आठवडाभराने कोंब मोजायचे. 70 किंवा अधिक उगवले तर एकरी नेहमीचे बियाणे. कमी उगवले तर प्रमाण वाढवायचे, फारच कमी असतील तर दुसरे बियाणे शोधायचे. कृषी विभाग दर खरिपाला ही उगवण चाचणी करायला सांगतो. नमुना घेणे, मोजणे, नोंद ठेवणे आणि पुरावा पाहून निर्णय करणे, हे सगळे त्यात येते. पण घरी हे काम करणाऱ्या दहावीतल्या मुलीला विज्ञानाच्या परीक्षेत त्याचा एक गुणही मिळत नाही.

तिला विचारण्याजोगे खूप आहे. दाणे पोत्याच्या वरच्याच थरातून घेतले तर काय बिघडेल? 100 ऐवजी 20 दाण्यांवर किती भरवसा ठेवशील? एकाच पोत्यातून तुला 68 आणि शेजारच्या मैत्रिणीला 73 कोंब मिळाले, तर कोण चुकले? बहुधा कुणीच नाही. शंभर दाण्यांच्या नमुन्यात एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडतो; म्हणून चाचणी पुन्हा करायची आणि सरासरी काढायची. हे ज्या मुलीला स्वतःहून सुचले, तिला विज्ञान कळले असे मी म्हणेन. आपल्या उत्तरपत्रिकेत मात्र ‘कुणीच चुकले नाही’ या उत्तराला जागा नाही. तिथे ‘शास्त्रीय कारणे द्या’ असे विचारले जाते, आणि ती कारणे ‘एकवीस अपेक्षित’ या प्रश्नसंचात आधीच छापलेली असतात.

राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दोन भागांना 40-40 गुण आणि प्रात्यक्षिकाला 20. मला आशा या 20 गुणांची वाटते, आणि दुःखही त्यांचेच. कागदोपत्री ते हाताने केलेल्या कामाचे आहेत. अनेक शाळांत ते सुबक प्रयोगवहीचे होतात. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर दहा गटांनी खरोखर मोजले, तर दहा आकडे थोडे थोडे वेगळे येतील. अख्ख्या वर्गाची वाचने जिथे दशांशापर्यंत जुळतात, तिथे कुणी भिंगाला हातही लावलेला नसतो. तरी आपण वेगळे वाचन लिहिणाऱ्याची वही परत पाठवतो. प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला शिक्षा करणारी ही पद्धत मला मनापासून टोचते.

दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे प्रयोगशाळा म्हणून एक कपाट असते, वर निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहितीचे तगादे. शिवाय त्याने खरे मोजून एखाद्याला 20 पैकी 11 दिले आणि शेजारच्या शाळेने सरसकट 19, तर नुकसान त्याच्याच मुलांचे.

दुसरी वाट कुणी चालून पाहिलीच नाही, असेही नाही. मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुले पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. पुस्तक समोर असले की पाठांतर विचारण्यात अर्थ उरत नाही; प्रश्न काढणाऱ्यालाच विचार करावा लागतो. कार्यक्रम शेकडो सरकारी शाळांत पोहोचला आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. आपल्याकडची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही लेखीपुढे जाऊन प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत घेते. पण ती चाळणी आहे. लेखीत वर आलेल्यांनाच प्रात्यक्षिकाची संधी मिळते. ज्याचा हात चांगला आणि लेखणी अडखळते, तो पहिल्याच पायरीवर गळतो.

चांगला प्रश्न काढायला महागडी उपकरणे लागत नाहीत. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला, आणि इटलीत पॉम्पेई इथे मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवले. पॉम्पेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. नववीच्या वर्गाला एवढे सांगून विचारावे: पॉम्पेईची मूर्ती कधीच्या आधीची, हे नक्की सांगता येईल का? ती भोकरदनला घडली, असे या साम्यावरून म्हणता येईल का? मग सांगावे की त्या मूर्तीवर वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे. आता मत बदलाल का, आणि आणखी कोणता पुरावा मागाल? पहिल्या प्रश्नाला पक्के उत्तर आहे, पुढच्यांना नाही. पुरावा किती दूर नेतो आणि कुठे थांबवतो, हे मुलांना आपल्याच गावच्या मातीतून समजेल. गावाच्या अभिमानापोटी घाईने ‘हो’ म्हणणाऱ्याला कमी आणि ‘अजून सांगता येत नाही, कारण...’ असे लिहिणाऱ्याला जास्त गुण द्यावेत.

अशा उत्तरांना गुण देताना मनमानी होईल, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय तालुक्यातच आहे. विज्ञान शिक्षकांनी सत्रात एकदा जमावे, शाळांची नावे झाकून दहा-दहा वह्या अदलाबदल करून तपासाव्यात, आणि एकाच वहीला एकाने 9 आणि दुसऱ्याने 16 का दिले यावर भांडावे. त्या भांडणातून निकष लिहून निघतील. वेगळ्या वाचनाला पूर्ण गुण, कच्ची नोंद खोडाखोडीसकट वहीत ठेवलेली चालेल, निष्कर्षाखाली शंका लिहिली तर जादा गुण, असे काही. मंडळाच्या 20 गुणांच्या चौकटीत हे यंदाच्याच सत्रात करता येईल. गरज आहे ती मुख्याध्यापकांनी शिक्षकांना एक दिवस मोकळा देण्याची, आणि 11 गुण देणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची.