उपयोगाची वस्तू... कोणाच्या उपयोगाची?



दर वर्षी 11 फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक आजारी दिन पाळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली हा दिवस जाहीर केला आणि 1993 पासून तो जगभर साजरा होऊ लागला. त्या दिवशी आपल्याकडेही आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, अभ्यंग होते, चहापान होते आणि छोटीशी भेट दिली जाते. आजचे हे चिंतन अशाच एका भेटीवरून सुचले आहे. ती भेट देणारे आम्हीच आणि चुकलेलेही आम्हीच!

आमच्या गटाने व्हीलचेअरवर असलेल्या एका मावशींसाठी वर्गणी काढली. दुकानात गेलो, दुकानदाराला विचारले आणि तीन वस्तू घेतल्या : खुर्चीवर बसवायचा ट्रे, एक जाडजूड उशी आणि कमरेचा पट्टा. पुढच्या वेळी मावशींकडे पवित्र कम्युनियन घेऊन गेलो, तेव्हा तिन्ही वस्तू कपाटावर ठेवलेल्या दिसल्या. आम्ही थोडे खट्टू झालो. मावशी हसून म्हणाल्या, "ट्रे लावला की खुर्ची जेवणाच्या टेबलाखाली जात नाही. मग सगळे टेबलावर जेवतात आणि मी एकटी ट्रेवर! उशीवर बसले की पाय लोंबकळतात. आणि पट्टा कशाला, मी काय पळून जाणार आहे?"

मग आम्ही विचारले, "तुम्हांला काय हवंय?" खरे तर हा प्रश्न दुकानात जाण्याआधी विचारायला हवा होता.

मावशींचा डावा हात पक्षाघाताने लुळा पडला आहे. खुर्चीचा उजवा ब्रेक त्या लावतात. पण डाव्या ब्रेकपर्यंत त्यांचा उजवा हात पोहोचत नव्हता. खुर्चीवरून पलंगावर जायचे म्हटले की दोन्ही ब्रेक लागलेच पाहिजेत. त्यासाठी सुनेला हातातले काम टाकून यावे लागे. "त्या दांड्याला वीतभर पाइप बसवून द्याल?" एवढेच त्यांचे मागणे होते. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने ते काम चहापाण्याच्या खर्चात करून दिले. आता मावशी दोन्ही ब्रेक स्वतः लावतात. आमच्या तीन वस्तूंनी जे झाले नाही, ते त्या पाइपच्या तुकड्याने झाले.

उपयोगाची वस्तू म्हणजे नक्की कोणाच्या उपयोगाची? घेणाऱ्याच्या की देणाऱ्याच्या?

संत मार्कच्या शुभवर्तमानात (10:46-52) यरिहो गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बसलेला आंधळा बार्तिमय आपल्याला भेटतो. तो येशूला मोठमोठ्याने हाका मारतो. त्याला काय हवे आहे हे कोणालाही कळले असते. तरीही प्रभू येशू त्याला जवळ बोलावून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? संत योहानच्या शुभवर्तमानातही (5:1-9) यरुशलेममध्ये तळ्याकाठी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभू आधी त्याची इच्छा विचारतो. ज्याला सर्व ठाऊक आहे तो विचारतो आणि ज्यांना काहीच ठाऊक नसते ते आपण न विचारताच देऊन मोकळे होतो! विचारण्यात त्या माणसाचा मान आहे. तू केवळ दयेचा विषय नाहीस, तुलाही मत आहे, असे तो प्रश्न सांगतो.

व्हीलचेअरचा इतिहासही हेच सांगतो. हर्बर्ट एव्हरेस्ट या अमेरिकन अभियंत्याला अपघातामुळे अपंगत्व आले. त्या काळच्या खुर्च्या अवजड असत. त्यांनी आपले अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्यासह 1933 साली घडी घालता येणारी, मोटारीत मावणारी खुर्ची तयार केली. आज घरोघरी दिसणारी घडीची खुर्ची त्याच वळणाची आहे. बसणाऱ्याचा शब्द ऐकला गेला, म्हणून ती घडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेतही खुर्ची वापरणाऱ्याच्या गरजेला, मापाला आणि तो राहतो त्या परिसराला साजेशी असावी, असे म्हटले आहे.

आता खुर्चीसोबत घेतल्या जाणाऱ्या वस्तूंकडे ह्याच नजरेने पाहू या. पहिली वस्तू उशी. ती चैन नाही. तासन् तास एकाच जागी बसल्याने हाडांजवळच्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि जखमा होतात. ज्यांच्या अंगाला संवेदना नाही त्यांना त्या कळतही नाहीत. फोम, जेल, हवेचे कप्पे अशा अनेक प्रकारच्या उशा मिळतात. पण मधे भोक असलेली हवेची गोल उशी टाळावी असे जाणकार सांगतात, कारण तिच्या कडेने उलट दाब पडतो. उशीने बसण्याची उंची वाढते, म्हणून पायटे आणि हात टेकण्याच्या जागाही पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. आम्ही हे पाहिलेच नव्हते. पुढे फिजिओथेरपिस्टने माप घेऊन सांगितलेली पातळ उशी मावशी आता रोज वापरतात. अर्थात उशी कितीही चांगली असली तरी अधूनमधून अंग हलवून दाब कमी करावाच लागतो.

दुसरी वस्तू पिशवी. आपण ती बहुधा पाठीमागे अडकवतो, कारण ढकलणाऱ्याला ते सोयीचे असते. पण बसलेल्याचा हात तिथे पोहोचत नाही आणि पिशवी जड झाली की चढावर खुर्ची मागे कलंडण्याची भीती असते. मागे उलटू न देणारी छोटी चाके मिळतात, ती अशा वेळी कामी येतात. तरीही रोझरी, चष्मा, मोबाइल आणि पाण्याची बाटली मावेल अशी लहान पिशवी बाजूला, हाताशी असणे केव्हाही चांगले. पाण्यासाठी दर वेळी हाक मारावी लागणे किती जड जाते, हे बसणाऱ्यालाच ठाऊक!

तिसरी वस्तू पट्टा. इथे प्रश्न कठीण होतो. ज्याचा तोल जातो, ज्याला झटके येतात, त्याला पट्टा आधार देतो. पण हाच पट्टा "बसा गप्प एका जागी" असेही सांगू शकतो. पट्टा तोच, फरक हेतूत आहे. बसणाऱ्याला तो स्वतः सोडता येतो का? तो त्याच्यासाठी बांधला आहे, की आपल्याला निवांत टीव्ही पाहता यावा म्हणून? हा प्रश्न स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीला प्रामाणिकपणे विचारायला हवा.

इथे कोणी म्हणेल, "सांगणे सोपे आहे. रात्रंदिवस करणाऱ्याच्या कमरेचे काय?" हे म्हणणे अगदी रास्त आहे. सेवा करणारी सून, मुलगी, पत्नी हीही माणसेच आहेत. त्यांची सोय पाहणे हे पाप नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिले आणि पुढची काळजी त्याच्यावर सोपवली. म्हणजे त्यानेही भार वाटून घेतला. सोय दोघांची असावी. मात्र एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा मान जाऊ नये. आणि ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांचे भान हरपले आहे, त्यांचे काय? त्यांचा चेहरा पाहावा. नवी वस्तू लावल्यावर तो चेहरा खुलतो की आक्रसतो, हे प्रेमाने पाहणाऱ्याला कळते.

शेवटी एक गोष्ट आपल्या सर्वांसाठी. खुर्चीला कितीही वस्तू जोडल्या, तरी काही वस्तू आपल्यालाच जोडाव्या लागतात. उदाहरणार्थ, उतार. भारतातील शासकीय मार्गदर्शक तत्त्वांत 1:12 असे उताराचे प्रमाण दिले आहे. म्हणजे एक फूट उंच चढायचे तर उतार 12 फूट लांब हवा. पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे उतार नव्हे! तशीच गोष्ट बाकांची. चर्चमधील एखादा बाक थोडा आखूड केला, तर व्हीलचेअर कुटुंबाच्या शेजारी उभी राहते. नाहीतर आजी एका कोपऱ्यात आणि नातवंडे दुसरीकडे, असेच चालू राहते. मे 2022 पासून पोप फ्रान्सिस लोकांसमोर व्हीलचेअरवर दिसू लागले. एप्रिल 2025 मध्ये प्रभूने त्यांना बोलावून घेईपर्यंत त्यांनी ख्रिस्तसभेची धुरा वाहिली. व्हीलचेअरमधील माणूस केवळ घेणारा नसतो, देणाराही असतो. आपण त्याला द्यायला जागा ठेवतो का?

येत्या आठवड्यात आपल्या शेजारच्या अशा एखाद्या घरी जाऊ या. जाताना हात रिकामे असले तरी चालतील. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर, त्यांच्या नजरेला नजर भिडेल असे बसू या आणि प्रभूने बार्तिमयला विचारले तेच विचारू या. उत्तर कदाचित वीतभर पाइपचे असेल. कदाचित त्यांना वस्तू नकोच असेल, फक्त रविवारच्या मिस्साला कोणीतरी सोबत हवे असेल.

हे प्रभू, देण्याआधी विचारण्याची आणि विचारल्यावर ऐकण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.